महात्मा जोतीराव फुले आणि पाटपाण्याकाठची आपली गावे

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत यावे, यात नवल ते काय? १८४८ साली पुण्यात त्यांनी काढलेली मुलींची शाळा, १८७३ साली स्थापन केलेला सत्यशोधक समाज आणि सावित्रीबाईंनी त्यांस दिलेली आजन्म साथ या गोष्टी आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहेत. तथापि जोतीरावांच्या आयुष्याची एक बाजू अशी आहे की, तिच्याकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही. जोतीराव हे शेतकरी होते, बागायतदार होते, आणि धरणाचे पाणी रानात कसे खेळवावे याचा विचार त्यांनी अतिशय बारकाईने केला होता. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबे नीरा, गोदावरी आणि प्रवरा या नद्यांच्या कालव्यांकाठी वसलेली आहेत. आजे-पणजे कोणत्या गावाहून आले, एवढे त्यांतील पुष्कळांना सांगता येते. ते का आले आणि कशाच्या बळावर टिकले, हे मात्र विस्मरणात चालले आहे. म्हणून या अंकी जोतीरावांचे चरित्र आम्ही पाण्याच्या आणि स्थलांतराच्या अंगाने सांगण्याचे योजिले आहे.

जोतीरावांचे घराणेच मुळी स्थलांतरिताचे. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण, आणि मूळ आडनाव गोऱ्हे. त्यांचे पणजोबा गावचे चौगुले होते. गावच्या कुलकर्ण्याशी विकोपाचे वितुष्ट आल्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले आणि ते पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव शेटिबा यांनी पुढे पुणे गाठले. शेटिबांच्या राणोजी, कृष्णा व गोविंद या तिन्ही पुत्रांनी फुलांचा धंदा नावारूपास आणला. पेशव्यांच्या वाड्यात त्यांची फुले जात, त्यांस इनाम जमीन मिळाली, आणि गोऱ्हे हे नाव मागे पडून फुले हे नाव रूढ झाले. गोविंदरावांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. परागंदा होऊन आलेल्या एका कुटुंबाने तीन पिढ्यांत नवे गाव आपलेसे केले, त्याचेच हे फळ होय.

मातोश्री चिमणाबाई यांचे छत्र जोतीरावांस बालपणीच अंतरले. मराठी शाळेतले शिक्षण मध्येच थांबले आणि मुलगा वडिलांबरोबर मळ्यात काम करू लागला. वाफे बांधणे, बारे देणे, खत पसरणे ही कामे त्यांनी त्या वयात केली. पुढे गफारबेग मुन्शी व लिजिटसाहेब या शेजारच्या दोघा सज्जनांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. त्यांच्या विचारात पुस्तक आणि मळा यांची फारकत कधीच झाली नाही, याचे मूळ आम्हांस या दिवसांत दिसते.

त्यानंतरचा काळ शाळांचा, आणि त्यापायी सोसलेल्या छळाचा. १८४९ साली घर सोडावे लागले. १८६३ साली त्यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुला केला. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न जोतीरावांनी प्रथम आपल्या अंगणात सोडविला आणि मग तो सरकारास विचारला.

संसारासाठी त्यांनी कंत्राटदारीचा व्यवसाय केला. पुण्याजवळ खडकवासला येथे मुठा नदीवर धरणाचे काम १८६९ साली सुरू होऊन १८७९ च्या सुमारास पुरे झाले. या कामी माल पुरविणाऱ्या कंत्राटदारांत जोतीराव होते. धरण म्हणजे दगड-चुना किती, मजूर किती, त्यांच्या पदरात काय पडते आणि मधले लोक काय गिळतात, हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले. धरण झाले, कालवा काढला गेला. परंतु काठचे शेतकरी पाणी घ्यावयास धजेनात. पाणीपट्टीची धास्ती होती, आणि नव्या गोष्टीविषयी अविश्वासही होता. तेव्हा जोतीरावांनी कालव्याकाठी मांजरी येथे जमीन घेतली व स्वतः बागायत करून दाखविली. उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. आपला पैसा आणि आपले वर्ष पणाला लावून शेजाऱ्याच्या मनातील भीती घालविणारा विरळा.

याच दशकात दख्खनच्या शेतकऱ्यावर दोन आघात झाले. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. या दुष्काळात जोतीरावांनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले, आणि सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात मदतीच्या कामासाठी गेल्या. ओतूरच्या उत्तरेस हरिश्चंद्रगडाचे डोंगर उभे आहेत आणि त्यांच्या पलीकडे प्रवरेचे खोरे आहे. डोंगराच्या माथ्यावर दर पावसाळ्यात पाणी कोसळावे आणि पायथ्याच्या माणसाने घोटभर पाण्यासाठी व पसाभर धान्यासाठी देशोधडीला लागावे, असा तो देखावा होता.

या अनुभवातून १८८३ साली जोतीरावांचा शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे काही भाग त्यांनी बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांस वाचून दाखविले होते. ग्रंथात सरकारी अंमलदार, सावकार व भटशाही यांच्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांचीच चर्चा अधिक होते. परंतु त्यातील शेतीच्या सूचना आजही वाचाव्यात अशा आहेत. डोंगरउतारावर ताली व बांध घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. ओढ्यानाल्यांवर लहान बंधारे बांधावेत. तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांस नेऊ द्यावा. जनावरांची निपज सुधारावी. शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी सांगितले. कालव्यांच्या बाबतीत तर त्यांनी असे मांडले की, प्रत्येकाच्या शेतास तोटी बसवून जरुरीपुरते पाणी मोजून द्यावे आणि ते वेळेवर मिळेल याची जबाबदारी पाटबंधारे खात्याने घ्यावी. पट्टी घ्यावयाची आणि पाण्याची हमी द्यावयाची नाही, हा व्यवहार त्यांस मान्य नव्हता.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात जनतेने त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्यांस पक्षाघाताचा झटका आला, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी देह ठेवला. सावित्रीबाई प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करीत असता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा. तो या दांपत्याने पाहिला नाही. प्रवरेचे धरणही पाहिले नाही. परंतु त्यांच्या मागे जे घडले त्यात त्यांच्या विचारांची कसोटी लागली, म्हणून चरित्राचा हा उत्तरार्ध आम्ही येथे जोडीत आहो.

खानवडी ज्या पुरंदर तालुक्यात आहे, त्याच तालुक्याचे मुख्य ठिकाण सासवड. कऱ्हेच्या काठी विहिरींवर मोटा धरून बागाईत करणाऱ्या आपल्या लोकांची तेथे मोठी वस्ती होती. हात कसबी, परंतु जमीन थोडी आणि पाणी त्याहून थोडे, अशी त्यांची स्थिती. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. मांजरीस जे जोतीरावांनी पाहिले होते, तेच येथे पुन्हा घडले. हा कालवा दुष्काळनिवारणासाठी होता. बाजरी-जोंधळ्यास पाणी मिळावे हा सरकारचा हेतू. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेत नसे, आणि कालवा तोट्यात जाई. त्या वेळी सासवडचे माळी बागायतदार कुटुंबकबिल्यासह खाली उतरले. स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी खंडाने घेतल्या, पेंडीचे व शेणाचे खत भरपूर घातले आणि ऊस लावला. ऊस हे दीर्घ मुदतीचे पीक. अडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. त्याला भांडवल लागते, मजूर लागतात, पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. गुऱ्हाळे पेटली, काहिली चढल्या, गुळाच्या ढेपा पेठेत जाऊ लागल्या. ओसाड पडलेल्या कालव्याचे पाणी विकले जाऊ लागले.

नीरेवरून ही कुटुंबे गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगाव भागात गेली, आणि तेथून प्रवरेवर. प्रवरेची कथा भंडारदऱ्यापासून सुरू होते. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावणारी ही नदी अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ ज्या अरुंद घळीतून जाते, तेथे १९१० साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीचे ते दगडी धरण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. धरणास गव्हर्नर विल्सनचे आणि जलाशयास आर्थर हिल या इंग्रजाचे नाव देण्यात आले. पुढे जलाशयास याच भागातील, इंग्रजांनी १८४८ साली फाशी दिलेले क्रांतिवीर राघोजी भांगरे यांचे नाव मिळाले. येथून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून खाली येते, संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यावर अडविले जाते आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांतून राहुरी-श्रीरामपूरच्या रानात शिरते. बेलापूर रोड या रेल्वे स्टेशनाभोवती श्रीरामपूरची पेठ वाढली ती या पाण्यावर. तेथील रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयास रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव आहे. कालव्यामागे आलेल्या बागायतदारांनी त्या भूमीत कसे मूळ धरले, त्याची ती खूण होय.

मग १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली आणि गुळाचा भाव कोसळला. खंड, खत, पाणीपट्टी आणि मजुरी यांचा मेळ बसेना. एकेकटा बागायतदार या लाटेपुढे टिकणे शक्य नव्हते. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि साखरेचा कारखाना फायद्यात चालण्याची शक्यता निर्माण झाली. परंतु कारखाना काढणे हे धनिक शेठसावकारांचे काम, अशी तेव्हाची समजूत. सासवडच्या या स्थलांतरित माळ्यांनी ती खोटी ठरविली. नीरेच्या उजव्या कालव्यावर, सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ त्यांनी आपापल्या पुंज्या एकत्र केल्या आणि १९३२ साली दि सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी स्थापिली. कारखान्याभोवती जे गाव वसले ते माळीनगर. कायद्याच्या दृष्टीने ही भागभांडवलाची कंपनी होती, सहकारी संस्था नव्हे; हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. तथापि भागीदार तेच ऊस पिकविणारे, आणि ऊस पिकविणारे तेच कारखान्याचे धनी, ही तिची रचना सहकाराच्या अगदी जवळची होती. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभारून चालविता येतो, हे महाराष्ट्रात प्रथम येथे सिद्ध झाले. पुढे प्रवरेच्याच काठी, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारले, आणि १९५० साली सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. भंडारदऱ्याच्या पाण्यावर सहकाराचे हे दुसरे पाऊल पडले.

आता यशाच्या या कथेचा दुसरा भाग. पाणी मोजून द्यावे, ही जोतीरावांची सूचना कोणी मनावर घेतली नाही. पाणी हाताशी आहे म्हणून उसास हवे तेवढे द्यावे, असे होत गेले. नीरेच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. सोन्यासारखी राने चोपण झाली. विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या ब्लॉक पद्धतीने पाणी अनेक गावांत वाटण्याचा आणि उसाची फेरपालट करण्याचा मार्ग घालून दिला, तरी मोजमापाचा प्रश्न उरलाच. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याचा कायदा झाला तो २००५ साली, म्हणजे असूड लिहिल्यानंतर १२२ वर्षांनी. कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. आपल्या चारीवर अशी संस्था आहे काय, आपण तिचे सभासद आहोत काय, तिच्या सभेस घरातून कोणी जाते काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.

दुसरे असे की, भंडारदऱ्याचे पाणी कोणाच्या तरी रानातून आलेले आहे. धरणाने जे खोरे बुडाले, त्यात महादेव कोळी, ठाकर आदी डोंगरातील रहिवाशांची भातखाचरे होती. जेथे पाऊस सर्वाधिक कोसळतो, तेथेच उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट करावी लागावी, असे दुर्दैव त्या डोंगराच्या वाट्यास आले. आमच्या मळ्यांस जे मिळाले त्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब समृद्धीच्या कैफात राहून जातो. उसाचे रान बांधणारा, तोडणारा, मोळी वाहणारा मजूरही बहुधा दुसऱ्या मुलखातून आलेला असतो. आपले पूर्वजही एके काळी असेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन आले होते. आपल्या हौदावर सर्वांस बोलावणाऱ्या पुरुषाचे नाव आपण घेतो. त्याच्या नावाने चालणाऱ्या ज्ञातिसंघाने आपल्या वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे दार केवळ ज्ञातीपुरते ठेवावे काय, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. काही वडीलधाऱ्यांस तो रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तो आम्ही नम्रपणे कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहो.

तिसरी गोष्ट घरातली आहे. ज्या पिढीने पुंज्या एकत्र केल्या, तिच्या नातवंडांत जमिनीचे तुकडे पडले. एक विहीर, चार वाटे आणि चार मोटारी, असे चित्र दिसते. भावाभावांत बांधावरून कज्जे चालतात आणि चुलत्या-पुतण्यांनी मिळून एखादे शेततळे करावे, ठिबकची एक नळी टाकावी, हे मनात येत नाही. जोतीराव मांजरीस गेले तेव्हा, आणि सासवडकर माळशिरसास गेले तेव्हा, त्यांच्यापाशी आजच्या मानाने काहीच नव्हते. परक्या मुलखात एकमेकांच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते, म्हणून ते विसंबले आणि तरले. आज गत्यंतर आहे, म्हणून आपण एकमेकांस सोडावे काय? पाणी आटते, भाव पडतात, हवामान फिरते. १९३० ची लाट वेगळ्या रूपाने पुन्हा येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

या चरित्राच्या निमित्ताने आमची एक विनंती आहे. प्रत्येक सभासद-कुटुंबाने आपल्या घराण्याची हकीकत चार ओळींत का होईना, लिहून संघाकडे पाठवावी. मूळ गाव कोणते, कोणत्या साली कोणत्या कालव्यावर आले, पहिली जमीन कोणाकडून खंडाने घेतली, पहिले गुऱ्हाळ कोणाच्या भागीदारीत लावले, आणि त्या दिवसांत घरातील स्त्रियांनी कोणती कामे उचलली, एवढे पुरे. वृद्ध मंडळी आहेत तोवर हे विचारून घ्यावे. जोतीरावांच्या पणजोबांचे कटगुण सुटल्याची हकीकत टिकली, म्हणून त्यांचे मोठेपण आपणांस मुळापासून कळते. आपल्या घराण्यांच्या हकीकती जमल्या, तर पुढील स्मरणिकेत नीरा, गोदावरी व प्रवरा अशा क्रमाने त्या छापण्याचा आमचा मानस आहे. समाजबंधुभगिनींनी या कामी हात लावावा, एवढे सांगून आम्ही हा लेख पुरा करतो.